आम्हाला समोरचा स्वच्छ ऐकू येतो, त्याला आमचा आवाज तुटक: ९ आयपी फोन, मायक्रोटिक हेक्स, ६० एमबीपीएस

हळदपेठ_सांगली

नमस्कार मंडळी. सांगलीतलं अडत व्यापाराचं ऑफिस, १२ माणसं, यीलिंकचे ९ डेस्क फोन. एक्सचेंज क्लाउडवर आहे, ऑफिसात फक्त फोन. केबल इंटरनेटवाल्याचा ओएनयू (फायबरची लाइन घेणारा डबा) राउटर मोडमध्ये आहे आणि ऑफिसचं वायफायही त्यावरूनच चालतं. त्याच्यामागे मायक्रोटिक हेक्स हा छोटा राउटर, त्यामागे १६ पोर्टचा साधा पीओई स्विच (नेटच्या वायरमधूनच फोनला वीज देणारा). त्याच स्विचवर ८ कॅमेऱ्यांचा एनव्हीआर (रेकॉर्डर) आणि टॅलीचा पीसी. टॅलीचा बॅकअप गुगल ड्राइव्हवर जातो. दोन लॅपटॉपवर वायफायवरून सॉफ्टफोन (फोनचं काम करणारं ॲप).

स्पीड टेस्टला डाउनलोड ६० आणि अपलोड २० एमबीपीएस नेहमी मिळतं. तरीही:

सकाळी ११ ते १ आणि संध्याकाळी ५ नंतर समोरच्याला आमचा आवाज तुटक, यंत्रासारखा जातो. आम्हाला मात्र तो नीट ऐकू येतो.

काही इनकमिंग कॉल उचलल्यावर अर्ध्या मिनिटाच्या आसपास आपोआप कट होतात.

थोडा वेळ वापर नसला की एखाद्या फोनवर इनकमिंग येतच नाही. त्या फोनवरून एक कॉल बाहेर लावला की पुन्हा यायला लागतात.

इंटरनेटवाला म्हणतो १०० चा प्लॅन घ्या. एक्सचेंजवाला म्हणतो दोष तुमच्या नेटचा आहे. प्लॅन वाढवून फरक पडेल का?

---

पॅकेटमास्तर

प्लॅनला हात लावण्याआधी हिशेब करू. जी.७११ कोडेकमध्ये (आवाज डेटात बदलण्याच्या पद्धतीत) दर २० मिलिसेकंदाला एक पॅकेट निघतं, म्हणजे सेकंदाला ५०. प्रत्येक पॅकेटात आवाजाचे १६० बाइट. त्यावर आयपी, यूडीपी आणि आरटीपी यांच्या हेडरचे ४० आणि इथरनेटचे १८. एका कॉलला एका दिशेने ८७.२ केबीपीएस लागतात. नऊच्या नऊ फोनवर एकदम बोलणं चालू असलं तरी ८०० केबीपीएसच्या आत भागतं, म्हणजे तुमच्या अपलोडच्या पाच टक्केही नाही. जागा कमी पडते म्हणून आवाज तुटत नाहीये. आवाजाचं पॅकेट रांगेत अडकतं म्हणून तुटतोय.

तुम्हाला नीट ऐकू येतं आणि समोरच्याला तुटक, यावरून दिशाही कळते. बिघाड तुमच्याकडून बाहेर जाणाऱ्या वाटेवर आहे. गुगल ड्राइव्हचा बॅकअप सुरू झाला, किंवा कुणी घरून मोबाइलवर कॅमेरे उघडले, की ते अपलोड मिळेल तितकी लाइन व्यापतं. ओएनयू जास्तीचा डेटा लगेच टाकून देत नाही, मेमरीत साठवत जातो. फोनचं २०० बाइटचं पॅकेट या ढिगाऱ्याच्या शेपटाला उभं राहतं. फोनमध्ये जिटर बफर असतो. तो मागेपुढे आलेली पॅकेटं थोडा वेळ धरून ओळीने वाजवतो, पण त्यालाही मर्यादा आहे. त्याहून उशिरा आलेलं पॅकेट तो फेकून देतो, आणि तो यंत्रासारखा आवाज त्यातूनच येतो.

स्पीड टेस्टच्या एमबीपीएसच्या आकड्यात हे दिसत नाही, कारण तो किती माल गेला ते सांगतो, किती वेळ थांबावं लागलं ते सांगत नाही. म्हणून ही मोजणी करा. वायरने जोडलेल्या पीसीवर कमांड प्रॉम्प्ट उघडून ८.८.८.८ ला सतत पिंग लावा, म्हणजे निरोप जाऊन परत यायला किती मिलिसेकंद लागतात ते दिसेल. पहिलं एक मिनिट काहीच करू नका. मग मोठी फाइल डाउनलोड करा आणि एक मिनिट आकडे बघा. मग ती थांबवून १ जीबीची एखादी फाइल ड्राइव्हवर चढवा आणि पुन्हा एक मिनिट बघा. तिन्ही वेळचे आकडे इथे टाका. आवाजासाठी एका बाजूचा एकूण उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत, जिटर (त्या उशिरातला चढउतार) ३० च्या आत आणि गळती (हरवलेली पॅकेटं) १ टक्क्याच्या आत असावी. फक्त अपलोड चालू असताना पिंग शेकड्यात गेला तर निदान पक्कं.

---

कृष्णाकाठ

वरच्याशी सहमत. मी कट होणाऱ्या कॉलबद्दल लिहितो, कारण तो आजार वेगळा आहे आणि रांगेचा उपाय केला तरी जाणार नाही.

घड्याळ लावून बघा, कॉल ३२ सेकंदांनी तुटतो का? त्या आकड्याला कारण आहे. तुम्ही कॉल उचलला की फोन ‘२०० ओके’ असा निरोप पाठवतो आणि एक्सचेंजकडून पोच येण्याची वाट बघतो. पोच आली नाही तर तोच निरोप अर्ध्या सेकंदाने, मग एक, दोन, चार सेकंदांनी पुन्हा पुन्हा पाठवतो. सिप प्रोटोकॉलमध्ये (कॉल लावण्या-तोडण्याच्या निरोपांच्या नियमांत) या प्रयत्नांची मुदत अर्ध्या सेकंदाच्या ६४ पट, म्हणजे ३२ सेकंद. तेवढ्यात पोच आली नाही की फोनच कॉल बंद करतो. पोच येत नाही कारण वाटेत कुणीतरी फोनच्या निरोपातला पत्ता किंवा पोर्ट बदललेला असतो. हे काम बहुतेक वेळा राउटरमधल्या सिप एएलजीचं, म्हणजे सिपचे निरोप वाचून त्यातले पत्ते बदलणाऱ्या भागाचं. मदत म्हणून दिलेली सोय आहे, पण आजचे फोन आणि क्लाउड एक्सचेंज नॅट (राउटरने आतले पत्ते बदलून एकाच बाहेरच्या पत्त्यावरून नेट चालवणं) स्वतःच सांभाळतात, त्यामुळे तिची ढवळाढवळच होते. तुमच्याकडे एकामागे एक दोन राउटर आहेत, म्हणजे एएलजी दोन ठिकाणी चालू असू शकतं.

मायक्रोटिकवर विनबॉक्समध्ये (त्याच्या सेटिंगच्या प्रोग्रॅममध्ये) आयपी, फायरवॉल, सर्व्हिस पोर्ट्स उघडा आणि ‘सिप’ची ओळ डिसेबल करा. ओएनयूवर सिक्युरिटी किंवा ॲप्लिकेशनच्या पानावर ‘एएलजी’ शोधून सिपची खूण काढा. नंतर दोन्ही राउटर आणि सगळे फोन बंद करून चालू करा, नाहीतर जुन्या नोंदी टिकून राहतात आणि बदलाचा उपयोग झाला नाही असं वाटतं. ओएनयूचं पॅनल इंटरनेटवाल्याने लॉक केलेलं असेल तर एक्सचेंजवाल्याकडून सिप टीएलएस मागा, पोर्ट ५०६१. निरोप एन्क्रिप्ट झाला की एएलजीला तो वाचताच येत नाही.

इनकमिंग न येण्याचं कारण नॅटची नोंद संपणं. फोनने बाहेर काही पाठवलं की राउटर परतीची वाट उघडी ठेवतो, पण यूडीपीसाठी (पोच न मागता पॅकेटं पाठवायची पद्धत) ती बऱ्याच ठिकाणी जेमतेम ३० सेकंद राहते. यीलिंकच्या वेब पानावर अकाउंट, ॲडव्हान्स्डमध्ये ‘कीप अलाइव्ह इंटरव्हल’ सापडेल. तिथे २० करा. कॉल बाहेर लावला की पुन्हा इनकमिंग सुरू होतं असं तुम्ही लिहिलंय, ते याच्याशी बरोबर जुळतं.

एक कळकळीची विनंती. हे सोडवायला कुणी ५०६० पोर्ट बाहेरून फॉरवर्ड करायला सांगितलं तर करू नका. फोनसाठी त्याची गरज नाही. उघडा ५०६० शोधत फिरणारे प्रोग्रॅम रात्रंदिवस चालू असतात. त्यांच्यामुळे मध्यरात्री फोन नुसते वाजत राहतात, आणि पासवर्ड कच्चा असेल तर तुमच्या खात्यावरून परदेशात कॉल लागतात.

---

नेटकरी_मिरज

सोपा उपाय: फोनवर डीएससीपी ४६ (पॅकेट किती महत्त्वाचं ते सांगणारी खूण) लावा आणि राउटरमध्ये त्याला सर्वांत वरची प्रायॉरिटी द्या. कोडेक जी.७२९ करा, म्हणजे ८७ चे ३१ केबीपीएस होतील. वायफायचा सॉफ्टफोन तर बंदच करा.

---

पॅकेटमास्तर

@नेटकरी_मिरज, डीएससीपी ४६ हा आवाजासाठीचा योग्य आकडा आहे आणि यीलिंकमध्ये तो मुळातच लावलेला असतो. पण प्रायॉरिटी जिथे रांग लागते तिथेच चालते. इथे रांग हेक्समध्ये लागत नाही. हेक्स १ जीबीपीएसने ओएनयूला माल देतो, त्याच्याकडे काही साचतच नाही. साचतं पुढे ओएनयूत, आणि तो ही खूण बघत नाही. म्हणून आधी रांग आपल्या ताब्यातल्या राउटरमध्ये खेचून आणावी लागते. त्याशिवाय प्रायॉरिटीचे नियम कितीही लिहिले तरी उपयोग नाही.

जी.७२९ इथे घेऊ नये. बचत अशा गोष्टीची होते जी मुबलक आहे, आणि आवाज मात्र मुळातच खालच्या दर्जाचा होतो. शिवाय त्यात बोलणं इतकं दाबलेलं असतं की हरवलेल्या पॅकेटाचा परिणाम पुढच्या काही पॅकेटांवरही राहतो. दोन्हीकडे ओपस हा कोडेक चालत असेल तर गोष्ट वेगळी, त्यात गळती भरून काढायची सोय आहे. पण मोबाइलवर गेलेला कॉल वाटेत दुसऱ्या कोडेकमध्ये बदलला जातोच.

---

हळदपेठ_सांगली

मोजणी केली. काहीच चालू नसताना पिंग ९ ते ११. डाउनलोडला ६० ते ८०. अपलोडला ३८० ते ४३०, मध्येमध्ये ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’. कट होणारे कॉल घड्याळ लावून तीन वेळा पाहिले, तिन्ही वेळा ३२ सेकंद. ओएनयूच्या पानावर बाहेरचा पत्ता १०० ने सुरू होतो, १००.७२ असा काहीतरी.

हेक्सवर नेमकं काय करायचं ते सांगाल का? त्यावर राउटरओएस ७ हे सॉफ्टवेअर आहे. आणि एक राहिलं: गोदामातल्या फोनवर नेट मोकळं असतानाही खरखर येते, दोन्हीकडे.

---

पॅकेटमास्तर

४०० मिलिसेकंद आणि २० एमबीपीएस, म्हणजे ओएनयूच्या पोटात सुमारे १ मेगाबाइट डेटा साचतोय. आता १०० चा प्लॅन घेतला असता तर काय झालं असतं ते बघा. ड्राइव्हने मोठी लाइनही तशीच व्यापली असती. फाइल लवकर चढून संपली असती, पण ती चढत असेपर्यंत आवाज तुटलाच असता.

उपाय असा. हेक्सला लाइनच्या खऱ्या वेगापेक्षा थोडं कमीच सोडू द्यायचं, म्हणजे ओएनयूत काही साचणार नाही. रांग हेक्समध्ये लागेल आणि तिथे ती शहाण्या पद्धतीने लावता येईल.

विनबॉक्समध्ये क्यूज, मग क्यू टाइप्स. नवीन टाइप करा, प्रकार ‘एफक्यू-कोडेल’, बाकी आकडे आहेत तसे. मग सिंपल क्यूज, नवीन. टार्गेटमध्ये तुमचं आतलं नेटवर्क घाला, बहुधा १९२.१६८.८८.०/२४. मॅक्स लिमिटमध्ये अपलोड १७ एम आणि डाउनलोड ५१ एम. हे मोजलेल्या वेगाच्या ८५ टक्के आहेत. ॲडव्हान्स्ड टॅबवर दोन्ही दिशांना तो नवा एफक्यू-कोडेल निवडा.

आता ज्यात बहुतेक जण फसतात ती गोष्ट. आयपी, फायरवॉल, फिल्टर रूल्समध्ये ‘फास्टट्रॅक’ नावाची ओळ मायक्रोटिकच्या मूळ सेटिंगमध्येच असते. फास्टट्रॅकने गेलेली पॅकेटं सिंपल क्यूला बगल देतात. ती ओळ डिसेबल केली नाही तर क्यू दिसते, पण तिच्यातून जवळजवळ काहीच जात नाही. फास्टट्रॅक काढल्यावर प्रोसेसरवर भार वाढतो. स्पीड टेस्ट चालू असताना सिस्टम, रिसोर्सेसमध्ये सीपीयू बघा. ६० एमबीपीएसला हेक्स सहज पुरतो.

एफक्यू-कोडेल प्रत्येक संभाषणाची वेगळी रांग करतो आणि पाळीपाळीने सगळ्यांना सोडतो. सेकंदाला ५० छोटी पॅकेटं पाठवणाऱ्या फोनची रांग कधी साचतच नाही, त्यामुळे त्याला जवळजवळ लगेच पाळी मिळते. म्हणून इंटरनेटच्या लाइनसाठी मी डीएससीपीचे नियमही लिहीत बसत नाही. दहापंधरा फोनांच्या ऑफिसला याची गरज क्वचितच पडते.

बदल केल्यावर तीच पिंगची मोजणी पुन्हा करा. अपलोड चालू असताना पिंग ३० च्या आत आला पाहिजे. नाही आला तर १७ चे १५ करा. लाइन नीट बसली तर हळूहळू १८ पर्यंत वर जाऊन बघा. गर्दीच्या वेळी इंटरनेटवाल्याचा वेग खाली येत असेल तर आकडा त्या खालच्या वेगावर बसवा, दुपारच्या मोकळ्या वेळच्या वेगावर नको.

तुमच्या रचनेत आणखी एक छिद्र आहे. वायफाय ओएनयूवर आहे, म्हणजे वायफायवरचे मोबाइल आणि लॅपटॉप हेक्सच्या बाहेरून जातात. त्यांनी अपलोड भरलं की हेक्सला पत्ताही लागणार नाही आणि आवाज पुन्हा तुटेल. ओएनयूचं वायफाय बंद करा आणि वेगळा ॲक्सेस पॉइंट हेक्सच्या मागे, स्विचवर लावा. हे केल्याशिवाय वरचं सगळं अर्धवट. जमलं तर ओएनयू ब्रिज मोडमध्ये (राउटरचं काम न करता माल नुसता पुढे देणारा) करून घ्या, पीपीपीओईचं (इंटरनेटवाल्याच्या लॉगिनचं) नाव-पासवर्ड हेक्सवर टाका. एक नॅट आणि एक एएलजी आपोआप कमी होईल.

---

कृष्णाकाठ

१००.६४ ते १००.१२७ हे पत्ते सीजीनॅटचे, म्हणजे इंटरनेटवाल्याकडे आणखी एक नॅट आहे. घाबरू नका, फोनची सुरुवात आतून होत असल्याने आवाज त्यातूनही चालतो. फक्त तिथली मुदत आपल्या हातात नसते, म्हणून कीप अलाइव्ह २० वरच ठेवा, वाढवू नका. स्थिर आयपी त्यासाठी विकत घ्यायला नको.

ब्रिज मोडला गेलात तर एक लक्षात असू द्या. पीपीपीओईत एमटीयू (एका पॅकेटची कमाल लांबी) १४९२ बाइट होतो. फोनमध्ये सातआठ कोडेक चालू असतील आणि एक्सचेंजने हेडरं लांबलचक ठेवली असतील तर कॉल लावण्याचा निरोप एका यूडीपी पॅकेटात मावत नाही. त्याचे तुकडे होतात आणि वाटेतले काही फायरवॉल तुकडे टाकून देतात. फोन नोंदलेला दिसतो, पण कॉल लागत नाही. कोडेक दोनच ठेवा, जी.७११ ए-लॉ आणि जी.७२२, नाहीतर सिप यूडीपीऐवजी टीसीपीवर न्या. भारतात जी.७११ चा ए-लॉ प्रकार वापरतात, म्यू-लॉ ठेवलं की विनाकारण एक रूपांतर वाढतं.

---

तांब्याचीतार

गोदामातल्या फोनचं मी सांगतो. नेट मोकळं असताना एकाच फोनवर त्रास आहे, तर तो फोन, त्याची वायर किंवा स्विचचं पोर्ट. आधी चालणारा दुसरा फोन गोदामातल्या वायरवर लावा. खरखर फोनबरोबर गेली तर हँडसेटची गुंडाळीची वायर बदला, बऱ्याचदा तेवढंच असतं. वायरवरच राहिली तर पुढे वाचा.

गोदामाची केबल तात्पुरती हेक्सच्या एका पोर्टला जोडा. पीओई मिळणार नाही, फोनला ॲडॅप्टर लावा. इंटरफेसमध्ये त्या पोर्टची आकडेवारी उघडून ‘आरएक्स एफसीएस एरर’ (खराब होऊन पोचलेल्या पॅकेटांची संख्या) बघा. १० मिनिटांच्या कॉलमध्ये तो आकडा शून्यच राहायला हवा. वाढत असेल तर केबल किंवा क्रिम्पिंग (टोकाला बसवलेला प्लग) खराब.

बाजारात स्वस्तात मिळणारी बरीचशी केबल तांब्याची नसते, ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो. सोलून ब्लेडने खरवडा, आतून पांढरी निघाली तर ती तीच. तिचा रोध तांब्यापेक्षा बराच जास्त, त्यामुळे लांब अंतरावर पीओईचं व्होल्टेज पडतं, आणि वाकवली की तार तुटते. गोदामापर्यंत शुद्ध तांब्याची कॅट ५ई किंवा कॅट ६ घाला, एकूण लांबी १०० मीटरच्या आत. हमालीचे मोटर-पट्टे आणि ट्यूबलाइट यांच्या वायरपासून किमान एक फूट लांब न्या, ओलांडायचीच असेल तर काटकोनात. जोड मारताना जोडीचा पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू नका.

आणि कुठल्याही पोर्टवर वेग हाताने ‘१०० फुल’ असा बांधू नका. एका बाजूला बांधलेला आणि दुसरीकडे ऑटो असेल तर ऑटोवाली बाजू हाफ डुप्लेक्सला (एका वेळी एकाच दिशेने) जाते. पिंग ठीक दिसतो, पण भार आला की पॅकेटं मरतात. दोन्हीकडे ऑटो.

---

पॅकेटमास्तर

वायफायवरचा सॉफ्टफोन बंद करायला नको, पण नवीन ॲक्सेस पॉइंटवर त्याला ५ गिगाहर्ट्झवरच ठेवा. २.४ वर शेजारच्या दुकानांची गर्दी असते आणि फोन-लॅपटॉप एकमेकांची वाट बघत बसतात. इथे मात्र डीएससीपीला अर्थ आहे. डब्ल्यूएमएम (वायफायवर आवाजाला आधी सोडायची सोय) चालू ठेवा. मात्र ४६ हा आकडा बायनरीत १०१११०, आणि बरेच ॲक्सेस पॉइंट त्याचे पहिले तीनच अंक बघतात. ते होतात ५, आणि पॅकेट आवाजाऐवजी व्हिडिओच्या वर्गात जातं. सेटिंगमध्ये ४६ ला ६ वर, म्हणजे आवाजाच्या वर्गात, नेता येत असेल तर न्या. विंडोजवर ॲपने लावलेली खूण सिस्टम पुसते, तिथे ग्रुप पॉलिसीतल्या ‘पॉलिसी-बेस्ड क्यूओएस’मध्ये सॉफ्टफोनच्या प्रोग्रॅमचं नाव देऊन ४६ लावावा लागतो.

---

हळदपेठ_सांगली

ओएनयूवर एएलजी सापडलं आणि बंद केलं, हेक्सवरही केलं. फास्टट्रॅक बंद, क्यू १७/५१. वायफाय नव्या ॲक्सेस पॉइंटवर नेलं. आता अपलोड चालू असताना पिंग १८ ते २४. इनकमिंग कॉल २० मिनिटं चालला, कट नाही. गोदामाची केबल सोलून पाहिली, आतून पांढरीच आहे, बदलायला सांगितली. सगळ्यांचे मनापासून आभार.

शेवटचं एक विचारतो. दुसऱ्या कंपनीची लाइन बॅकअपला घेणार आहोत. दोन्ही लाइन एकत्र वाटून वापरल्या तर फोनला काही अडचण?

---

कृष्णाकाठ

वाटून वापरा, पण फोनचा सगळा माल एकाच लाइनवर बांधून ठेवा. नाहीतर सिपचे निरोप एका लाइनने आणि आवाज दुसऱ्या लाइनने जातो. एक्सचेंजला एकाच फोनचे दोन पत्ते दिसतात आणि आवाज एकतर्फी होतो. फोनांना आयपीची वेगळी रेंज द्या आणि राउटिंग रूलने ती रेंज पहिल्या लाइनला जोडा.

पहिली लाइन पडल्यावर अडचण येते ती वेगळी. फोन दर २० सेकंदांनी कीप अलाइव्ह पाठवत राहतो, त्यामुळे हेक्समधली जुन्या लाइनची नॅट नोंद कधी संपतच नाही. दुसरी लाइन चालू असूनही फोन ‘नोंद नाही’ दाखवत बसतो. म्हणून लाइन बदलली की त्या फोनांच्या कनेक्शन ट्रॅकिंगमधल्या नोंदी पुसणारी छोटी स्क्रिप्ट हेक्समधल्या नेटवॉचला (लाइन चालू आहे का ते बघणारी सोय) जोडा, लाइन पडताना आणि परत येताना, दोन्हीकडे. हाताने करायचं तर आयपी, फायरवॉल, कनेक्शन्समध्ये फोनांचे पत्ते निवडून डिलीट.

दुसऱ्या लाइनसाठी वेगळी क्यू लागेल, तिच्या वेगाच्या ८५ टक्क्यांवर. आणि ओएनयू, हेक्स, स्विच तिन्ही यूपीएसवर घ्या. इन्व्हर्टरवर वीज बदलताना क्षणभर खंड पडतो, तेवढ्यात ओएनयू रीस्टार्ट झाला तर सगळे चालू कॉल तुटतात आणि लाइन परत यायला दोन-तीन मिनिटं जातात.